स्रोत अस्तित्वात नाही

७ नोव्हेंबर २०२२, सोमवार

प्राचार्यांनी आज मला 'संदर्भ तपासणी समन्वयक' केलं. पद नवं, खुर्ची जुनीच, ग्रंथालयातली, डाव्या हाताची पट्टी निघालेली. फेब्रुवारीत मूल्यांकन समिती येणार म्हणून आमच्या मोहाडीच्या कॉलेजला एकाएकी संशोधनाची उबळ आली आहे. प्रत्येकानं आपापले छापून आलेले पेपर आणून द्यायचे आणि त्यातले ऑनलाइन संदर्भ धड आहेत का ते मी पाहायचं.

"मॅडम, तुम्ही म्हणजे आपल्या कॉलेजची चाळणी," प्राचार्य म्हणाले. "तुमच्यातून गाळून निघालं की मी डोळे मिटून सही करतो."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला कळलं की ग्रंथपाल नुसते शिक्के मारत नाही.

संध्याकाळपर्यंत पहिला गठ्ठा आला. मराठीच्या सरांनी संदर्भसूचीत लिहिलंय 'गुगल'. नुसतं गुगल. घर कुठे विचारलं की भारतात म्हणून सांगावं तसं. राज्यशास्त्राच्या मॅडमनी लिहिलंय 'व्हॉट्सॲप, एका मैत्रिणीकडून'. अर्थशास्त्रवाल्यांनी लांबलचक दुवा दिला आहे. उघडला तर त्यांच्याच ईमेलची पेटी पासवर्ड मागायला लागली. या सगळ्यांच्या नावामागे डॉक्टर आहे. माझ्या नाही. तो विषय इथे नको.

घरी आले तर बाबा फोन घेऊन बसलेले. हळदीच्या पाण्यानं गुडघे बरे होतात असा कुठलासा मजकूर. मी विचारलं, "स्रोत काय याचा?"

"आमच्या फॅक्टरीच्या रिटायर लोकाईच्या ग्रुपवर आला."

"तो स्रोत नाही बाबा, ती फक्त वाट झाली."

त्यांनी फोन खिशात टाकला. जेवायला एकटेच बसले. म्हातारपणी माणसं उगाच हळवी होतात.

११ नोव्हेंबर

लेखकाचं नाव, पानाचं शीर्षक, संकेतस्थळाचं नाव, प्रसिद्ध झाल्याची तारीख, दुवा, आणि आपण ते पान कधी पाहिलं तो दिनांक. एवढंच लिहायचं असतं. पोस्टकार्डावर याहून जास्त लिहितो माणूस. तरी आज स्टाफरूममध्ये मला विचारलं गेलं, "पाहिल्याचा दिनांक कायले पाहिजे मॅडम? पाहिलं म्हणजे पाहिलं."

मी सांगितलं, इंटरनेटवरचं पान छापील पुस्तकासारखं कपाटात बसून राहत नाही. आज असतं, उद्या बदलतं, परवा नाहीसं होतं. आपण पाहिलं तेव्हा ते होतं, याचा पुरावा म्हणजे तो दिनांक. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कुणीतरी पोहे मागवले आणि माझा संदर्भशास्त्राचा तास तर्रीत बुडाला.

१६ नोव्हेंबर, बुधवार

आता कळलं, एवढी घाई कशाची होती. इतिहासाचं एक पूर्णवेळ पद भरायला परवानगी आली आहे. किती वर्षांनी ते प्राचार्यांनाही आठवत नाही. आजवर हा विभाग तासिकांवर चालला. तासाला इतके रुपये, सुट्टीत काही नाही, उन्हाळ्यात कॉलेज तुम्हाला ओळखत नाही.

उमेदवार दोन, दोघंही आमचेच. टेकचंद सोनकुसरे इथलेच, मोहाडीतल्या विणकर घरातले. वडिलांचे हातमाग होते, आता भावाचं कापडाचं दुकान आहे. चाळिशी उलटली, तरी तासिकांवरच. माणूस शांत. इतका शांत की चीड येते. ग्रंथालयात शेवटच्या टेबलावर बसतात, वाचून झालं की पुस्तक स्वतः जागेवर ठेवतात. वाचकांनी पुस्तकं जागेवर ठेवू नयेत असा नियम आहे, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. "हो जी," म्हणतात आणि पुन्हा ठेवतात. ठेवतात बरोबर जागी, ही गोष्ट वेगळी.

दुसरा भूषण. संस्थेच्या सचिवांचा भाचा. तीन वर्षांपूर्वी तासिकांवर लागला. कपडे इस्त्रीचे, बोलणं गोड, वाकून नमस्कार.

छाननीत प्रकाशित पेपरांना गुण आहेत. माझा अहवाल जोडल्याशिवाय एकही पेपर धरायचा नाही, असं प्राचार्यांनी लेखी काढलं. बाकी नेमणुका कशा होतात ते मला ठाऊक आहे. निदान या वेळी कागद बोलेल.

१८ नोव्हेंबर

सोनकुसरेंचा पेपर पाहिला. विषय नाकाडोंगरीकडच्या मँगनीजच्या खाणींत ठेकेदारीच्या काळात दगड वेचणाऱ्या बायका. विषय वेगळा आहे, नाही म्हणत नाही. पण संदर्भसूची म्हणजे लग्नातल्या चपला. काही नावानं, काही गावानं, काहींना जोडीच नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे निम्मा पेपर एका ब्लॉगवर उभा आहे. कुणी कवडू गुरुजी, नाकाडोंगरीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी म्हणे म्हाताऱ्या मजूरणींच्या आठवणी लिहून ब्लॉगवर टाकल्या. सोनकुसरेंनी फक्त दुवा दिला आहे. शीर्षक नाही, पाहिल्याचा दिनांक नाही. दुवा उघडला तर पांढरं पान. 'हे पान सापडले नाही.'

मी अहवालात लिहिलं, 'दुवा उघडत नाही.' प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला.

"उघडत नाही म्हणजे मॅडम? नेट बंद होतं का आपलं?"

"नाही सर, बाकी सगळे उघडले."

"मग नाहीच ना ते पान? तर तसं लिहा स्पष्ट. तुमच्यासारख्या काटेकोर बाईनं गुळमुळीत कायले लिहावं?"

बरोबर होतं. मी खोडून लिहिलं, 'स्रोत अस्तित्वात नाही.' खाली सही केली. वाक्य कसं टणक दिसतं. उगाच लोंबकळत नाही.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

आज डोळे निवले. भूषणचा पेपर, 'भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी तलाव आणि ग्रामव्यवस्था', म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले गावतलाव. मजकूर चाळला, मग संदर्भसूचीकडे वळले. काय सूची आहे. लेखक, वर्ष, तिरप्या अक्षरात शीर्षक, दुवा, पाहिल्याचा दिनांक, स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. एकेक दुवा दाबला, एकेक उघडला. इंग्रजी पानं, मोठमोठी नावं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

सगळ्या नोंदींवर पाहिल्याचा दिनांक एकच आहे, गेल्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाचा. सणाच्या दिवशी घरात फराळ चालू असताना पोरगा एका बैठकीत एवढं वाचून उठला. याला म्हणतात शिस्त. इथे बाकीच्यांना वर्षभरात एक लेख झेपत नाही.

दुपारी चहाला भेटला तेव्हा मी विचारलं, "तुमच्या पेपरात पाळीपाळीनं पाणी वाटण्याचा मुद्दा आहे, तो कुठल्या गावचा?"

तो हसला. "ते सगळं आहे मॅडम आत. तुम्ही पाहिलंच असेल."

नम्र आहे. स्वतःच्या कामाबद्दल बोलायला लाजतो.

अहवालात लिहिलं, 'सर्व ऑनलाइन स्रोत तपासले. संदर्भ आदर्श.'

२९ नोव्हेंबर

कार्यशाळा झाली. 'ऑनलाइन संदर्भ कसे द्यावेत'. प्राचार्यांचीच कल्पना. एम.ए.ची मुलं आणि झाडून सगळे प्राध्यापक. पडद्यावर एका बाजूला भूषणची सूची, दुसऱ्या बाजूला सोनकुसरेंची. नावं झाकली होती. पण खाणीतल्या बायकांवर आमच्याकडे दुसऱ्या कुणी लिहिलेलं नाही, त्यामुळे झाकून उपयोग नव्हता. त्याला मी काय करणार.

मी म्हटलं, "हा दुवा पाहा. याला ना शेंडा ना बुडखा. असा संदर्भ देणं म्हणजे भूत साक्षीला आणणं." हशा पिकला. प्राचार्य सगळ्यांत मोठ्यानं हसले. भूषण खाली पाहत होता, त्याच्या ठायी तेवढा संकोच आहे. सोनकुसरे मागच्या बाकावर होते. हसले नाहीत, उठूनही गेले नाहीत. वहीत काहीतरी लिहून घेत होते.

शेवटी नाहीशी झालेली पानं कशी शोधायची तेही मी दाखवलं. जुनी पानं साठवून ठेवणारं एक संकेतस्थळ आहे. त्यात मेलेला दुवा टाकला की कधीकाळचं पान उभं राहतं. एका अमेरिकन वस्तुसंग्रहालयाचं बंद पडलेलं पान मी सगळ्यांसमोर जिवंत करून दाखवलं. मुलं थक्क झाली. आमच्या प्राध्यापकांना हे अजून ठाऊक नाही, याचं मुलांना नवल वाटत होतं. मला नाही.

३० नोव्हेंबर

सोनकुसरे आले. पहिल्यांदाच माझ्या टेबलासमोर बसले.

"मॅडम, तो ब्लॉग होता. गुरुजी कोरोनात गेले. त्यांच्या पोरानं फोन नंबर बंद केला, मंग ते ब्लॉगचं खातंच गेलं."

"पाहिल्याचा दिनांक काहून नाही लिहिला?"

"लिहाचा असतो हे मले माहीत नोहोतं."

"पानाची छापील प्रत?"

"नाही काढली. गुरुजी होते ना तेव्हा. वाटलं, लागली तर त्यांनाच मागू."

मी म्हटलं, "सोनकुसरे सर, माणूस स्रोत नसतो. माणसं मरतात."

 ते म्हणाले, "हो जी. ते तर खरं आहे." आणि उठले. जाताना टेबलावरचं वर्तमानपत्र घडी करून दांडीवर अडकवून गेले.

वाद घालायला जीव लागतो. ज्याची बाजू लंगडी असते तो वाद घालत नाही.

६ डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. सकाळी बाबांबरोबर विहारात गेले. परतताना बाबा म्हणाले, "का वो सरिता, मोहाडीच्या त्या सोनकुसरेवर तू काही लिवलं काय? आपल्या वसाहतीतल्या पोराले ते शिकवते. तो म्हणे सर लय उतरून गेले."

मी सांगितलं, मी काही लिहिलेलं नाही, जे आहे ते नोंदवलं आहे.

बाबा फॅक्टरीत तपासणी विभागात होते. म्हणाले, "आम्ही माल नापास करत होतो तवा पीस हातात घेत होतो. कागद पाहून नाही."

त्यांच्या वेळचं वेगळं होतं. तिथे माल होता. इथे कागदच माल आहे. हे त्यांना समजावण्यात अर्थ नाही.

१३ डिसेंबर, मंगळवार

छाननीची यादी लागली. सोनकुसरेंचा खाणीवरचा पेपर धरला नाही, त्यामुळे गुण खाली आले, मुलाखतीला बोलावणं नाही. शेऱ्यात लिहिलंय, 'बनावट संदर्भ, ग्रंथपालांच्या अहवालानुसार.'

मी बनावट लिहिलं नव्हतं. तसं प्राचार्यांना बोलले. ते म्हणाले, "अस्तित्वातच नाही म्हटल्यावर मॅडम, दुसरं काय राहते? आम्ही फक्त मराठीत लिहिलं."

मराठीतच होतं ते आधीही.

१९ डिसेंबर

भूषणची निवड झाली. मुलाखतीला बाहेरचे दोघं आले होते, औपचारिकता. आता विद्यापीठाची मान्यता आली की रुजू. पेढे वाटले. मला डबा वेगळा, वर चिठ्ठी, 'मॅडम, आपल्या आशीर्वादाने'. बाबांनी पेढा खाल्ला नाही, साखर आहे म्हणाले. काल खीर वाढून घेतली होती.

सोनकुसरेंनी आज दोन्ही तास घेतले.

२७ डिसेंबर, मंगळवार

प्राचार्यांना आता नवं सुचलं आहे. भूषणचा पेपर समितीला दाखवायचा नमुना म्हणून, त्यासाठी सूचीतल्या प्रत्येक स्रोताचं पहिलं पान छापून जाड फाईल करायची. "वजन आलं पाहिजे मॅडम फाईलले."

सकाळपासून प्रिंटरजवळ उभी होते. पानं गरम गरम बाहेर येत होती आणि हातात काही नव्हतं म्हणून मी वाचायला लागले.

पहिलं पान माशांच्या कातडीच्या रोगावर. बांगलादेशातलं. भूषणनं ते 'माळी, कोहळी समाजाची तलावबांधणी' या वाक्याला जोडलं आहे.

दुसरं थंड प्रदेशातल्या धरणांच्या काँक्रीटवर. तिसरं 'टँक' याच शब्दाचं, पण रणगाडा. रणगाड्यांच्या पट्ट्यांची झीज. ते आमच्या मालगुजारी तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, जोडलेलं.

मी पेपर काढून पहिल्यांदा नीट वाचला. संदर्भसूची नाही, पेपर. एका वाक्याचा दुसऱ्याला पत्ता नाही. 'तलावाचे उगमस्थान ग्रामीण मानसिकतेत आहे.' 'पाळीचे पाणी हे पाण्याच्या पाळीवर अवलंबून असते.' कुठल्या दुकानातून शिवून आणलेला कपडा आहे हा, आणि बटणं तेवढी सोन्याची. मी बटणं मोजली आणि पास केला.

'सर्व ऑनलाइन स्रोत तपासले.' काय तपासलं? दार उघडतं का ते. आत कोण राहतं ते पाहिलं नाही. लक्ष्मीपूजनाच्या एका दिवसात एवढं कुणी वाचतं का, हे माझ्यासारख्या बाईला तेव्हा सुचू नये. शिस्त म्हणे.

प्रिंटर चालूच ठेवला. सांगितलेलं काम होतं.

२८ डिसेंबर

सकाळी ग्रंथालय उघडताच बसले. कवडू गुरुजींचा दुवा जुन्या पानांच्या त्या संकेतस्थळात टाकला. मुलांना शिकवताना अमेरिकेतलं वस्तुसंग्रहालय शोधलं होतं मी. नाकाडोंगरी सुचली नाही.

पान उघडलं. दुवा टाकला आणि उघडलं, इतकंच.

हिरव्या रंगाचं, बटबटीत, कोपऱ्यात गुलाबाचं चित्र. वर 'कवडू गुरुजींची पडवी'. खाली एकेका बाईचं नाव, गाव, वय आणि तिचं बोलणं, जसंच्या तसं. सोनकुसरेंनी ज्या ज्या ओळी घेतल्या त्या सगळ्या आहेत. एका शब्दाचा फरक नाही. मी एकेकीवर बोट ठेवून जुळवल्या. देवकाबाई म्हणून एक बाई आहे, फोटोत डोळे मिटलेले. ती म्हणते, "डोक्यावर दगड अन् पाठीशी लेकरू. वजन दोन जीवाईनं उचलाचं, मजुरी एकाचीच भेटे. लेकरू मेलं तवा मुकादम म्हणे, आता तुह्या टोपल्यात दगड जास्त बसन."

सोनकुसरेंनी हे वाक्य पेपरात घेतलं होतं. मी नोव्हेंबरात तो पेपर हातात धरला होता. मला त्यातलं काहीही आठवत नाही. मला त्यातला नसलेला दिनांक आठवतो.

दुपारी जेवले नाही. याचं कारण भावना नाही. डबा न्यायला विसरले होते.

२९ डिसेंबर, गुरुवार

नवा अहवाल लिहून प्राचार्यांकडे गेले. दोन्ही पेपरांचा. भूषणच्या संदर्भांचा मजकुराशी संबंध नाही, सोनकुसरेंचा स्रोत खरा आहे आणि उपलब्ध आहे, माझा आधीचा अहवाल मी मागे घेते.

त्यांनी वाचला. शिपायाला चहा सांगितला. मग दार लोटून घेतलं.

"मॅडम, एक विचारू? नोव्हेंबरात सही तुमचीच होती ना?"

"हो."

"ही पण तुमचीच."

"हो."

"मग चौकशी झाली तर कोणाची होईल? माझी नाही. भूषणची नाही. एकाच बाईनं एकाच पेपरबद्दल दोन सह्या केल्या, हे दिसेल. तुम्ही आपल्या कॉलेजची चाळणी, तुमचं नाव खराब झालेलं मले पाहवणार नाही."

इतक्या मायेनं धमकी देणारा माणूस मी पाहिला नव्हता. चहा आला. मी तो प्यायले नाही.

"तुम्हाला माहीत होतं का सर?" मी विचारलं. "भूषणचा पेपर कसा आहे ते?"

ते हसले. "मी कायले वाचू? त्यासाठीच तर तुम्ही होत्या."

या माणसाच्या कौतुकाला मी कदर समजत होते. घाण्याला जुंपायला बैल निवडतात, त्यालाही कदरच म्हणत असतील.

२ जानेवारी २०२३

विद्यापीठाला पत्र पाठवलं. दोन्ही अहवाल, माझ्या दोन्ही सह्या, भूषणची फाईल (प्राचार्यांनी मागितली होती तशीच जाड) आणि गुरुजींच्या पानाचा साठवलेला दुवा, पाहिल्याच्या दिनांकासह. खाली लिहिलं, 'मूळ अहवालात स्रोत अस्तित्वात नाही असे मी न शोधता लिहिले. ते चूक होते. शब्द प्राचार्यांनी सुचवला असला तरी सही माझी आहे.'

पाठवण्याआधी बाबांना वाचून दाखवलं. का दाखवलं ते कळत नाही. त्यांना यातलं काय समजतं. ऐकून म्हणाले, "मी चहा ठेवतो."

१८ जानेवारी

कारणे दाखवा नोटीस आली. 'वरिष्ठांना डावलून पत्रव्यवहार.' उत्तर दिलं. स्टाफरूममध्ये मी शिरले की सगळ्यांना एकदम तास आठवतात. राज्यशास्त्राच्या मॅडम, त्याच व्हॉट्सॲपवाल्या, बाथरूमजवळ दबक्या आवाजात म्हणाल्या, "चांगलं केलं हो तुम्ही." आणि दोघी एकत्र दिसू नयेत म्हणून मला थांबवून आधी त्या बाहेर गेल्या. आमच्याकडे हिंमत ही अशी, एकटीला गाठून देतात.

भूषण समोर आला तर अजूनही वाकून नमस्कार करतो. हा मुलगा पुढे मोठा होणार.

२३ फेब्रुवारी

विद्यापीठानं भूषणची मान्यता नाकारली. पद नव्यानं जाहीर करून पुन्हा छाननी करा, असं कळवलं. सोनकुसरेंचा पेपर ग्राह्य धरावा, हेही लिहिलं आहे, स्पष्ट शब्दांत. मी ते पत्र सूचनाफलकावर लावलं. अर्ध्या तासात कुणीतरी काढलं. मी दुसरी प्रत लावली. तीही गेली. झेरॉक्सचं यंत्र ग्रंथालयात आहे, हे त्यांच्या लक्षात नसावं.

सोनकुसरेंशी बोलायला त्यांच्या टेबलाकडे गेले. ते पुस्तकात होते. मी मागे फिरले.

११ एप्रिल, मंगळवार

सगळं संपलं. संस्थेनं जाहिरात काढलीच नाही. आज काढू, उद्या काढू, आरक्षणाचं रोस्टर तपासू, असं करत मार्च गेला आणि पद भरण्याची परवानगी आपोआप रद्द झाली. भूषणला नाही तर कुणालाच नाही. इतिहास पुन्हा तासिकांवर. भूषण सचिवांच्या दुसऱ्या कॉलेजात लागला म्हणे.

मी बसस्टँडला न जाता सोनकुसरेंच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोनं उघडलं, रीता. मी नाव सांगितलं. ते तिला माहीत होतं. सर बाहेर गेले आहेत म्हणाली. आत या म्हणाली नाही. पाणी मात्र आणलं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून प्यायले.

मी सांगायला लागले, विद्यापीठाचं पत्र, पेपर ग्राह्य, सरांचं नाव आता स्वच्छ आहे.

ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या पहिल्या कागदानं त्यायचं नाव गेलं. दुसऱ्या कागदानं जागाच गेली. आता तिसरा नका लिहू."

आवाज चढवला नाही. पेला घेतला आणि दार लावलं, हळूच, आपटलंही नाही.

खोटं काय आहे त्यात? काहीच नाही. संदर्भासहित, दिनांकासहित खरं आहे.

घरी परतताना वरठीपर्यंत बसमध्ये उभी होते. नंतर जागा मिळाली तरी बसले नाही.

१ जुलै, शनिवार

कॉलेज सुरू झालं. मूल्यांकन समितीनं आम्हाला म्हणे चांगली श्रेणी दिली. 'संशोधन संस्कृती' या रकान्यात विशेष कौतुक. अशा बातमीवर हसायलाही कुणी सोबत लागतं.

दुपारी सोनकुसरे आले आणि शेवटच्या टेबलाकडे न जाता माझ्याकडे वळले. हातात टाचणी लावलेली पानं.

"नवा लिहिला मॅडम. यंदा मी नाकाडोंगरीले स्वतः गेलो. गुरुजीनं लिवलेल्या बायकाईतल्या दोघी अजून आहेत."

मी हात पुढे केला. सवयीनं मागचं पान उलटायला गेले, सूची पाहायला. त्यांनी पानांवर हात ठेवला.

"सूची मी पाहिली. दुवे सारे उघडतात, तारखा आहेत. तुम्ही मजकूर वाचा. अन् खराब असन तर खराब सांगा. दुसरं कोणी अठी वाचत नाही."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. जानेवारीपासून तयार करून ठेवलेली वाक्यं होती माझ्याकडे. त्यातलं एकही मला त्यांच्या तोंडासमोर नेण्याजोगं वाटलं नाही. म्हटलं, "सोमवारी देते."

"हो जी," म्हणाले, आणि गेले.

२ जुलै, रविवार

सकाळपासून वाचला. ओसरीत बसून, शेवटपर्यंत, दोनदा. एवढ्या वर्षांत सहकाऱ्याचा पेपर असा बसून वाचल्याचं मला आठवत नाही. माझ्या हातून गेलेल्या बाकी गठ्ठ्यांत काय काय होतं, देव जाणे. देव म्हणजे कुणीच नाही.

बाबा येऊन बाजूला बसले. "कसा लिवला?"

"मधला भाग फार चांगला आहे. एक म्हातारी मुकादमाचं नाव सांगायला अजून घाबरते, ते त्यांनी तसंच ठेवलं आहे, नाव काढून घेतलं नाही. तिथे मी थांबले थोडी."

"मंग?"

"सुरुवात लांबली आहे. आणि शेवटची दोन पानं रडकी. बायकांनी रडायचं ते रडून झालंय, आता हे कशाला रडतात. निष्कर्ष तर नाहीच."

"सांगशीन त्यायले असं?"

"सांगायलाच दिला आहे."

 मी पेन्सिल घेतली आणि शेवटची दोन पानं पुन्हा काढली. कुठे कापायचं, कुठे ठेवायचं, समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं. उद्या त्यांना माझ्या टेबलाशी बोलावणार नाही. पानं घेऊन मीच शेवटच्या टेबलाकडे जाईन.